पाव्हेल्स्कीची 8 नंबरची जर्सी: पैसे वसूल, पण साइज बघून घ्या

सॅन होजेत राहून इथल्या शार्क्स या आइस हॉकी टीमची जर्सी नाही म्हणजे कसंतरीच वाटायचं, शेवटी जो पाव्हेल्स्कीची सेकंडहँड मागवली. कापड जाड, नंबर शिवलेला आहे, छापलेला नाही, छातीवर कॅप्टनचा सी. फक्त नावातल्या शेवटच्या अक्षराचा टाका उसवलेला निघाला, दुकानदाराला मेल केला तर उत्तरच नाही, मग घरीच सुईदोरा काढला. आणि साइज भलतीच मोठी, आत स्वेटर घालूनही ढगळ.

ऑफिसात सगळे विचारतात हाच का. अहो 2003 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सातव्या राउंडला 205 वा उचललेला माणूस, स्केटिंगला काही फार फास्ट नव्हता, पण गोलसमोर गर्दीत धक्के खात उभा राहायचा आणि लांबून आलेला पक (हॉकीची रबरी चकती) स्टिकने जरासा वळवायचा, बस्स, गोलकीपर बघतच राहायचा! असे करत करत 476 गोल. 2019 ला प्लेऑफमध्ये व्हेगासविरुद्ध सातव्या मॅचमध्ये डोकं बर्फावर आपटून रक्तबंबाळ झाला, टीम 0-3 ने मागे, आणि त्याबद्दल व्हेगासला मिळालेल्या एका पेनल्टीत, म्हणजे पाच मिनिटं त्यांचा एक खेळाडू कमी असताना, पोरांनी चार गोल ठोकले, मॅच ओव्हरटाइममध्ये जिंकली. लीगची सगळ्यात मोठी ट्रॉफी, स्टॅनले कप, मात्र कधीच नाही मिळाला बिचाऱ्याला, 2016 आणि 2020 दोन्ही फायनल हरला.

चार स्टार. एक टाक्याचा कापला.