ग्रीसखाली लपवलेला तडा

गेल्या मे महिन्यात मी ३,८०० रुपये रोख मोजून एक जुना छोटा रंधा घेतला. स्टॅन्ले कंपनीचा साडेनऊ नंबर, जेमतेम सहा इंची, एका हातात मावणारा. वेंगुर्ल्याला आमच्या पडवीत मी नोकरी सांभाळून फणसाच्या लाकडाच्या पेट्या करतो. झाकणाच्या कडा आणि फळ्यांची डोकी साफ करायला असा रंधा मला कधीपासून हवा होता.

जुन्या हत्यारांचा तो विक्रेता सिंधुदुर्गातल्याच एका बाजारपेठेत बसतो. रंध्याला काळा कुळकुळीत रंग होता आणि तळाला बोटभर ग्रीस. ग्रीस कशाला, विचारलं तर म्हणाला, "आपल्याकडची खारी हवा, साहेब. नाहीतर आठ दिवसांत तांबेरतं." हे मला लगेच पटलं, कारण ते खरंच आहे. माझी स्वतःची पटाशी एका पावसाळ्यात खड्डे पडून वाया गेली आहे. पात्यावर कंपनीचा शिक्का दिसत नव्हता. शिक्का झिजला, असं तो म्हणाला. बिल मागितलं नाही, त्यानेही दिलं नाही.

घरी आल्यावर रीतीप्रमाणे कामाला लागलो. रॉकेलने ग्रीस पुसलं, जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, तळावर मार्करने आडव्या रेघा मारल्या. पातं जागेवर ठेवून, पातं दाबून धरणारी टोपी आवळून पण धार आत ओढून मगच तळ घासायचा असतो, कारण आवळल्यावर लोखंड किंचित वाकतं आणि रंधा चालतो तो त्याच ताणात. दहा-बारा वेळा घासून उलटा केला. पुढच्या आणि मागच्या टोकाच्या रेघा गेल्या होत्या, तोंडाजवळच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीजवळच्या, सगळ्या जशाच्या तशा. काचेवर ठेवला तर कोपऱ्यातून डुगडुगत होता.

जुन्या रंध्यात थोडा बाक असतोच, म्हणून घासत राहिलो. चार संध्याकाळी त्यात गेल्या. पात्याची पाठ सपाट केली, २५ अंशांची धार लावली. या रंध्यात पातं २० अंशांवर निजलेलं असतं आणि धारेचा उतार वर येतो. म्हणजे लाकडाला कोन मिळतो ४५ अंशांचा. सगळं बरोबर होतं, पण फणसावर पहिल्याच हाताला रंधा थरथरला आणि कडेवर बारीक लाटा उठल्या. पाच-सहा हातांत धार दुमडली, नखाला लागत होती. आपलाच हात चुकतोय असं समजून मी पुन्हा पुन्हा धार लावत बसलो. त्या आठवड्याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी रंधा घेऊन वाडीतल्या मेस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी तो उजेडात धरला, तोंडाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि नखाने रंगाची एक खपली काढली. घासलेल्या करड्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, तोंडाच्या कोपऱ्यापासून बाजूपर्यंत, केसाएवढी पिवळी रेघ होती. पितळेची.

"झिला, ह्येका तडो गेलेलो आसा. वरसून रंग मारल्यान आनी तुका विकल्यान."

तुटलेलं बीड पितळेने सांधलं होतं, तेही वरवर. त्याच आचेने तळ पिळवटला असणार, असं काका म्हणाले. या रंध्याच्या तोंडाशी बाजूच्या पट्ट्या अगदी अरुंद असतात आणि पात्याचा दाब नेमका तिथेच येतो. तिथे लोखंड हललं की पातं नाचणारच, कितीही धार लावा. मग त्यांनी पात्याच्या धारेजवळच्या कडेला बारीक कानस लावली, ती लाकडात जावी तशी आत गेली. कडक पोलादावरून कानस घसरते. पातं स्टॅन्लेचं नव्हतंच, कुठल्यातरी मऊ पट्टीचं कापलेलं होतं.

परत गेलो तेव्हा विक्रेता म्हणाला, "जुनी वस्तू, बघून घेतलीत ना?" सांधलेला रंधा विकू नये असं मी म्हणत नाही. चांगला सांधला तर तो हलक्या कामाला चालतोही, पण ते सांगून आणि त्या भावाने विकावा. इथे तडा झाकायला रंग आणि सांधा झाकायला ग्रीस वापरलं होतं, आणि वर आपल्याच हवेचं कारण पुढे केलं होतं.

म्हणून कुणी असा ताजा रंगवलेला रंधा दाखवला, तर खिशात रॉकेलची चिंधी आणि छोटी कानस घेऊनच जा. पैसे देण्याआधी तळ पुसा, टोपी आणि पातं काढा, तोंडाचे चारही कोपरे उजेडात बघा, पात्याच्या धारेजवळ कडेला कानस लावून बघा. विक्रेता पुसू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. उलट गंजलेला पण न रंगवलेला रंधा मी आता डोळे झाकून आधी हातात घेतो, त्याचं काय बिघडलंय ते निदान दिसतं.

मेस्त्रीकाकांनी तो रंधा कुणाला विकायचा नाही असं मला बजावलं आहे. पण मी नसताना घरातलं कुणी तो भंगारात देईल, आणि तिथून तो पुन्हा काळा रंग लावून बाजारात येईल, याची मला धास्ती होती. परवा पंच आणि हातोडी घेऊन त्याच्या बाजूवर ठिपक्याठिपक्यांनी 'तडा' ही दोन अक्षरं ठोकली. खोल ठोकली आहेत, रंगाने बुजायची नाहीत.