पॉवरलाइन अडॅप्टर: नेट मस्त, शॉर्टवेव्हची वाट लागली

घर कोकणातलं, चिऱ्याच्या जाड भिंती, ओटीवरच्या राउटरचं वायफाय माजघर काही ओलांडत नाही. म्हणून उन्हाळ्यात पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घेतली, घरातल्या लाइटच्या वायरीतूनच नेट मागच्या खोलीत जातं. खोक्यावर 200 एमबीपीएस, हातात 40-50, मिक्सर लावला की अजून कमी, आणि स्पाइक गार्डात खोचलात तर विसराच, थेट भिंतीतल्या प्लगातच लावायचा. पण मीटिंगा, मॅच सगळं चालतं, नेटबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती रेडिओची. बाबा रात्री शॉर्टवेव्ह, म्हणजे लांबची, परदेशातली स्टेशनं लागतात तो रेडिओ, ऐकतात आणि हे लागल्यापासून त्यातल्या 31 मीटर बँडवर नुसती खरखर. नेट कोणी वापरत नसलं तरी बारीक टरटर चालूच, कारण अडॅप्टर विजेच्या दर दोन सायकलला एक खूण पाठवतो, आपल्या 50 हर्ट्झला म्हणजे सेकंदाला 25, आणि कोणी व्हिडिओ लावला की त्याचा सलग घरघराट. एक काढून भागत नाही, दुसरा जोडीदाराला शोधत बसतो, दोन्ही उपटले की बँड साफ. एफएम, मीडियम वेव्ह ठीक आहे, कारण होमप्लग एव्ही या पॉवरलाइनच्या स्टँडर्डवरचे हे अडॅप्टर साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झमध्ये चालतात, शॉर्टवेव्हच्या बरोब्बर डोक्यावर. लॅन केबलमध्ये वायरींना पीळ असतो म्हणून बाहेर फार सांडत नाही, घरातली फेज मात्र बटणाकडे फिरून जाते आणि न्यूट्रल सरळ बल्बला, दोन वायरी एकमेकींपासून लांब पडतात, मग त्यांची अँटेनाच होते.

गंमत म्हणजे रेडिओ फिरवत 7 मेगाहर्ट्झला आलं की खरखर गायब, 7.3 ओलांडलं की परत हजर, 14 ते 14.35 पण तसंच. हॅमवाल्यांचे, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांचे, बँड कंपन्या मुद्दाम मोकळे सोडतात, म्हणजे त्रास होतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, नुसतं ऐकणाऱ्यांना मात्र कोणी वाली नाही. युरोपात 2013 च्या स्टँडर्डमध्ये, स्टेशन लागत असेल तर अडॅप्टरने तेवढी फ्रिक्वेन्सी आपणहून सोडायची असं आहे, माझ्या जोडीत तसलं काही दिसत नाही.

फेराइटचे मणी (खरखर अडवायला वायरीवर चढवतात ते) वगैरे लावायच्या फंदात पडू नका, वायरीत मुद्दामच सोडलेला सिग्नल आहे तो, अडवला तर नेटच अडेल. रेडिओ सेलवर टाकून अंगणाच्या टोकाला नेला तर बरंच कमी होतं, पण पावसात बाबांना तिकडे कुठे बसवणार?

गणपतीनंतर वाशांवरून कॅट 6 लॅन केबल टाकून घेतोय. ही जोडी मग विकायचीय, घरात शॉर्टवेव्ह ऐकणारं कोणी नसेल तर बिनधास्त घ्या, तीन स्टार.