मांजरांचे फोटो रोज येत होते, माणूस येत नव्हता

सुट्टीत गावी जाताना मांजरं सांभाळायला पैसे देऊन कुणाला ठेवणार असाल, तर आधी हे वाचा. गेल्या दिवाळीत आमचा सोन्या मरता मरता वाचला. ज्या मुलाने आम्हाला फसवलं तो नाव बदलून पुण्यात अजून हेच काम करतो आहे. त्याची पद्धत अगदी साधी आहे आणि तेच जास्त भीतीचं आहे, म्हणून ती जशीच्या तशी सांगते.

आमच्याकडे दोन मांजरं आहेत. सोन्या हा पिवळा बोका, आणि मनी. मनी आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहायची. नसबंदी करून सोडलेली, त्यामुळे तिच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं आहे. मोकाट मांजरांची नसबंदी झाली की ही खूण करतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही. ती अंगाने गुबगुबीत, पण परक्या माणसाला घाबरते. सोन्याला मागे एकदा लघवीत खडे झाले होते. तेव्हापासून त्याला सकाळ-संध्याकाळ ओला खाऊ, त्यात दोन-तीन चमचे पाणी मिसळून, असं पथ्य आहे. कोरडे दाणे त्याला जवळजवळ बंदच.

एरवी आम्ही कुठे गेलो की समोरच्या काकू दोघांना खाऊ घालायच्या. त्या दिवाळीत मात्र काकू लेकीकडे बंगळुरूला गेल्या. मांजरांना बोर्डिंगमध्ये ठेवायचा विचार आम्ही केलाच नाही. कुत्रा माणसाबरोबर कुठेही रुळतो, मांजराचा जीव जागेत असतो. अनोळखी पिंजरा, शेजारी भुंकणारी कुत्री, दुसऱ्याच्या मांजराचा वास, एवढ्यावर मनीसारखं मांजर खाणंपिणं सोडतं. शिवाय जिथे खूप मांजरं एकत्र राहतात तिथे सर्दीची आणि पोटाची साथ लवकर पसरते. म्हणून घरी येऊन बघणारं माणूस हवं होतं, आणि ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

मांजरवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर या मुलाचा नंबर आला. बोलायला अतिशय नम्र. “ताई, काळजीच करू नका, माझ्या घरी चार मांजरं आहेत,” हे त्याचं पहिलं वाक्य. त्यानेच मला प्रश्न विचारले: डॉक्टर कोण, लसी कधी झाल्या, सोन्याला ओल्या खाऊचं पाऊच कुठलं लागतं, मनी कुठे लपते. इतकं बारकाईने विचारणारा माणूस कुणाला खोटा वाटेल? आधार कार्डाचा फोटो पाठवला, त्यावर नंबरचे आकडे झाकलेले. आधीच्या लोकांनी केलेल्या कौतुकाचे स्क्रीनशॉट पाठवले. रोज दोन फेऱ्या आणि दिवाळीचा जादा दर धरून साडेसात हजार सांगितले, सगळे आगाऊ. “दिवाळीत माणसं बुक करून ऐनवेळी नाही म्हणतात, ताई, म्हणून.” यूपीआयवर बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, बहिणीचं खातं आहे.

वसुबारसेच्या सकाळी तो घरी आला, आमच्यादेखत सोन्याला पाऊच घातलं, लिटरचा, म्हणजे शी-शूच्या वाळूचा, ट्रे साफ केला. चावी त्याच्या हातात देऊन आम्ही देवगडला निघालो.

फोटो वेळच्या वेळी यायला लागले. सकाळी एक, संध्याकाळी एक, मधूनच व्हिडिओ. सोन्या वाटीत तोंड घालून खातोय. मनी हिरव्या चादरीवर बसली आहे. चकचकीत ट्रे. एका व्हिडिओत त्याचा निळा टी-शर्ट दिसला, दुसऱ्या दिवशी पांढरा. खाली लिहिलेलं, “आज सोन्याने सगळं संपवलं ताई, मनी जरा लाडात आहे.” आमच्या गावच्या घरात रेंज नाही, ती मिळते घरामागच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळावर. मी रोज संध्याकाळी सड्यावर जाऊन फोटो बघायचे आणि समाधानाने खाली यायचे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊच्या सुमारास व्हिडिओ आला. “आत्ताच खाऊ घातला.” माझी नणंद शेजारी उभी होती. ती म्हणाली, “वहिनी, आवाज वाढव.” वाढवला. व्हिडिओत सोन्या खात होता आणि मागे कबुतरं घुमत होती. फटाक्याचा एकही आवाज नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊ वाजता पुण्यात! आमच्या सोसायटीत त्या वेळी शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

मग आम्ही सगळे फोटो एकापाठोपाठ एक उघडले. आमच्या हॉलच्या फरशीवर सकाळी खिडकीतून कवडसा पडतो आणि तासाभरात सरकत सोफ्याच्या पायापर्यंत जातो. धनत्रयोदशीच्या फोटोत आणि नरक चतुर्दशीच्या “संध्याकाळच्या” फोटोत तो कवडसा त्याच फरशीच्या त्याच कोपऱ्यावर होता. म्हणजे हे सगळे फोटो आणि व्हिडिओ एकाच सकाळचे. आम्ही गाडी काढून गेल्यावर त्याने घरात थांबून, टी-शर्ट बदलून, चादरी आणि वाट्या बदलून चार-पाच दिवसांची बेगमी करून ठेवली होती.

सोसायटीच्या गेटवर फोन लावला. वॉचमन काकांनी रजिस्टर पाहून सांगितलं, “ताई, तो मुलगा वसुबारसेला आत आला आणि दुपारी बाहेर गेला. त्यानंतर नोंद नाही.” त्याला फोन केला. पहिल्यांदा रिंग गेली, नंतर स्विच ऑफ. दुसरी चावी आमच्याबरोबर देवगडात.

पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. कर्वेनगरला राहणारी माझी मैत्रीण लक्ष्मीपूजन आटोपून, नेसत्या साडीत स्कूटरवर निघाली. तिने दाराला कान लावला तेव्हा आतून सोन्याचं ओरडणं ऐकू येत होतं. लांबट, घशातून आलेलं. एरवी तो असा कधी ओरडत नाही. सेक्रेटरी काकांनी जवळच राहणाऱ्या सुताराला ताटावरून उठवून आणलं. मी सड्यावरून व्हिडिओ कॉलवर संमती दिली आणि त्यांनी लॅच तोडलं. आत हॉलमध्ये मोठ्या परातीत कोरडे दाणे ओतलेले, त्यांना मुंग्या लागलेल्या. बादलीत पाणी. ट्रे काठोकाठ भरलेला. मी ठेवलेल्या पाऊचांपैकी आमच्यासमोर उघडलेलं तेवढं एक कमी होतं. सोन्या ट्रेमध्ये बसून कुंथत होता आणि शू होत नव्हती. मनी दिवाणाच्या मागे, अंग चोरून.

मैत्रिणीने सोन्याला तसंच रात्रभर उघड्या असणाऱ्या दवाखान्यात नेलं. मूत्रमार्ग पूर्ण तुंबलेला होता. बोके पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं: बोक्याचा मूत्रमार्ग शेवटाला अतिशय अरुंद असतो. पाणी कमी, खाणं कोरडं, वर फटाक्यांचा आणि एकटेपणाचा ताण, एवढं त्यात खडा किंवा चिकट गाळ अडकायला पुरतं. मग लघवी मागे तुंबते, मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत प्राणी जाऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातोय आणि थेंबही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नसते. बरेच जण बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसतात आणि तेवढ्यात वेळ हातची जाते.

सोन्याला भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. आम्ही पहाटे निघून फोंडा घाटाने कोल्हापूर गाठलं आणि तिथून पुण्याला पोचलो तेव्हा तो काचेमागे पडून होता, पण जिवंत होता. मनीचंही रक्त तपासावं लागलं. गुबगुबीत मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि तो आजार जिवावर बेततो. भीतीने तिने परातीला तोंडही लावलं नसावं. तिचं यकृत नशिबाने ठीक निघालं. दवाखान्याचं बिल अठ्ठावीस हजारांच्या वर गेलं. पैशाचं दुःख आहेच, पण आपल्या घरात, बंद दाराआड, तो तासन्‌तास ओरडत होता आणि त्या वेळी माझ्या फोनवर “सगळं संपवलं ताई” येत होतं, हे मला सहन होत नाही.

आता तक्रारीचं. पैसे ऑनलाइन दिले होते म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली. हा फोन पहिल्या काही तासांत केला तर खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत ती आधीच पुढे गेली होती. पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला. खोटं बोलून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, आणि त्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: ज्याच्या ताब्यात प्राणी त्या वेळी असेल तोही कायद्याने मालक धरला जातो. म्हणजे “मांजर माझं नव्हतं” असं म्हणून अशा माणसाला सुटता येत नाही. पण त्याच कायद्यात उपाशी ठेवण्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून जास्त काळ हा आकडा तसाच आहे. सोन्याच्या एका सलाईनची किंमतही त्यात येत नाही. हा कायदा बदलायलाच हवा. पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. तो अर्ज आम्ही केला आहे.

पुरावा म्हणून गेटचं रजिस्टर सगळ्यात उपयोगी पडलं. तुमच्या सोसायटीत नोंद होत नसेल तर निघताना वॉचमनला सांगून ती करून घ्या आणि रोज एक फोन करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून तो कधी काढला ते कळत नाही, कारण ती माहिती पाठवताना निघून जाते. म्हणून फोटोवर समाधान मानू नका, व्हिडिओ कॉल मागा. रेंज नसेल तर त्याच दिवशी सुचेल ते काहीतरी करायला सांगा: आज वाटीशेजारी लिंबू ठेव, उद्या ट्रेजवळ माझी निळी चप्पल ठेव. आधी काढलेल्या फोटोत लिंबू येणार नाही. खाऊची पाकिटं मोजून ठेवा आणि रिकामी पाकिटं टाकू नको म्हणून सांगा. पैसे निम्मे आधी, निम्मे आल्यावर. खरं काम करणारी मुलंमुली याला तयार होतात. नंतर आम्हाला अशी एक मुलगी मिळाली आणि तिने स्वतःहून रोज कॉल केला. यूपीआयवरचं नाव आणि सांगितलेलं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा. दुसरी चावी गावातच, विश्वासाच्या माणसाकडे असू द्या, आणि डॉक्टरांना लिहून ठेवा की आमच्या गैरहजेरीत अमुक व्यक्ती उपचाराला संमती देईल. माझ्या मैत्रिणीला त्या रात्री भुलीच्या कागदावर सही करायची होती तेव्हा मला फोन लागत नव्हता, आणि त्यात पाऊण तास गेला.

सोन्या आता बरा आहे. त्याला खास पथ्याचं अन्न चालू आहे आणि दर काही महिन्यांनी लघवी तपासावी लागते. आम्ही कुलूप बदललं, कारण चावी परत आलेली नाही. माझ्यानंतर आणखी दोघींनी मला फोन केला. एकीची मांजर त्याच दिवाळीत गेली. तिलाही रोज फोटो येत होते.

त्या दुसऱ्या बाईंना त्याने कामाचा नमुना म्हणून जे फोटो पाठवले होते, ते त्यांनी मला दाखवले. त्यात मनी होती. आता तो दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या नंबरवरून मे महिन्याच्या सुट्टीचं बुकिंग घेतो आहे, आणि “माझं नेहमीचं गिऱ्हाईक” म्हणून तोच फोटो पाठवतो आहे. पांढऱ्या-करड्या रंगाचं गुबगुबीत मांजर, हिरवी चादर, डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. हा फोटो तुम्हाला आला तर पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि यूपीआय आयडी टिपून घ्या आणि १९३० वर कळवा.