जॅक्सबीसोबत कापसाचा एक हंगाम

दिवाळीच्या सुमारास राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगचं (कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीचं) पावत्यांच्या प्रोग्रामचं काम माझ्याकडे आलं. आता मार्च सरत आलाय, कापसाची आवक आटली, म्हणून निवांतपणे लिहितोय.

एका शेतकऱ्याची एक पावती, पण वजनं तीन-चार. सकाळी बंडी (बैलगाडी), दुपारी ट्रॅक्टर. म्हणजे पावती हा जावा या प्रोग्रामिंग भाषेतला ऑब्जेक्ट आणि त्याच्या पोटात वजनांची लिस्ट. तिचं एक्सएमएल (टॅगांमध्ये मांडलेला मजकूर) करायला मी जॅक्सबी घेतलं; जावाच्या ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि एक्सएमएलचा परत ऑब्जेक्ट करणारं हे साधन.

पहिल्याच दिवशी दिवसभराच्या पावत्यांची अ‍ॅरेलिस्ट थेट मार्शलरला (एक्सएमएल लिहिणाऱ्या भागाला) दिली. घेईना. उघड्या लिस्टला रूट एलिमेंट (सर्वांत बाहेरचा टॅग) नसतो; तिला एका क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) बसवून त्या क्लासवर एक्सएमएल-रूट-एलिमेंट ही खूण, म्हणजे अ‍ॅनोटेशन, लिहावं लागतं. मग फील्डवर (क्लासमधल्या माहितीच्या कप्प्यावर) अ‍ॅनोटेशन आणि शेजारी ते वाचणारे-बदलणारे पब्लिक गेटर-सेटर, तर एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी असल्याची तक्रार. अ‍ॅक्सेसर टाइप ‘फील्ड’ केला (म्हणजे फील्डच बघ, गेटर-सेटर सोड), मिटलं.

खरी गंमत रॅपरची, म्हणजे लिस्टभोवतीच्या जादा टॅगची. नुसती लिस्ट ठेवली तर असं येतं:

<पावती><वजन>४१०</वजन><वजन>३८५</वजन></पावती>

एलिमेंट-रॅपर लावलं की असं:

<पावती><वजने><वजन>४१०</वजन><वजन>३८५</वजन></वजने></पावती>

(हो, एक्सएमएलमध्ये देवनागरी टॅग चालतात. जावाच्या क्लासला मराठी नावही चालतं, पण तेवढं धाडस मी केलं नाही.)

मला दुसरं रूप देखणं वाटलं, म्हणून सगळीकडे रॅपर लावून मोकळा झालो. पण या पावत्या पुढे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढायच्या होत्या, आणि त्याच्या एक्सएमएलमध्ये खात्याच्या नोंदी ‘ऑललेजरएंट्रीज.लिस्ट’ या टॅगने व्हाउचरच्या आत थेट एकाखाली एक येतात, वर वेगळा डबा नसतो. माझी व्हाउचरं काही चढेनात. मुनीमजी म्हणाले, “काऊन भाऊ, पावत्या हातानंच चढवाच्या काय आता?” ऐन हंगामात दोन दिवस त्यांनी खरंच हातानं चढवल्या. चूक सर्वस्वी माझी. आता टॅलीसाठी रॅपर नसलेले क्लास वेगळे आणि आमच्या साठवणीचे वेगळे.

लिस्ट नल (तयारच न केलेली) असली तर ‘वजने’ हा टॅगच उमटत नाही. रिकामी असली तर रिकामा टॅग येतो. माझा तपासणीचा प्रोग्राम यावरच अडला. आता फील्ड लिहितानाच तिथे नवी अ‍ॅरेलिस्ट करून ठेवतो.

शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, त्यात जॅक्सबीचा दोष नाही. फाइल लिहायला मी जावाचा फाइलरायटर वापरला होता. जुन्या जावात तो विंडोजचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरतो आणि फाइलच्या माथ्यावर मात्र यूटीएफ-८ लिहिलेलं. मार्शलरला थेट आउटपुट स्ट्रीम दिला, नावं परत आली. वेगाचं म्हणाल तर जॅक्सबीकॉन्टेक्स्ट (क्लासची ओळख ठेवणारा ऑब्जेक्ट) एकदाच तयार करून ठेवा. मी दर पावतीला नवा करत होतो, आणि काट्यावर गाड्यांची रांग लागत होती.

आवडलेली गोष्ट म्हणजे, एकच बंडी आणणाऱ्याची पावती परत वाचली तरी लिस्ट ही लिस्टच राहते. आधी वापरलेलं एक साधन एकच वजन दिसलं की लिस्ट सोडून सुटा आकडा हाती द्यायचं.

पुढच्या महिन्यात जिनिंगात नवा संगणक येतोय, जावा १७ चा. जावा ११ पासून जॅक्सबी सोबत येत नाही, वेगळं जोडावं लागतं. नव्या आवृत्तीत पॅकेजचं नावही जावाएक्सचं जकार्ता झालंय. तिथे नेटवर्क एका खिडकीपाशीच सापडतं, म्हणून जॅक्सबीच्या जार फाइल्स (जावाच्या लायब्ररीच्या फाइल्स) पेन ड्राइव्हमध्ये आधीच भरून ठेवल्यात.