स्नोब्लोअर रिपेअरला देताय? आधी हे वाचा, मला ३६५ डॉलरचा चुना लागलाय

आम्ही अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेकडच्या भागात राहतो, म्हणजे लेक एरी या मोठ्या तलावावरून ढग आले की सगळ्यात आधी आमच्याच डोक्यावर रिकामे होतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला एका वादळात ८० इंच बर्फ पडला होता, तेव्हापासून फावड्यावर भागेल हा गैरसमज माझा तरी गेला. नशिबाने घर घेतलं तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या मालकाने गॅरेजमध्ये एक जुनं नारिंगी एरियन्स कंपनीचं स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला करणारं मशीन, सोडलं होतं, २४ इंची, ८ हॉर्सपॉवरचं टेकम्सी इंजिन. दोन हिवाळे चाललं. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली तरी चालू होईना. चूक माझीच, मार्चमध्ये टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं होतं, आणि इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते महिनोन्महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो.

मग ऑनलाइन एक जाहिरात दिसली, जुनं स्नोब्लोअर हिवाळ्याआधी नव्यासारखं करून देतो, घरून नेतो घरी आणून देतो. दिवाळीची गडबड होती, ऑफिसात रिलीज होती, म्हटलं चला सुटलो. माणूस आला, गोड बोलला, पोरांना मशीनची माहिती वगैरे दिली, २८० डॉलर सांगितले आणि ट्रकमध्ये टाकून घेऊन गेला. तीन दिवसांनी मेसेज, की टेकम्सीने इंजिनं बनवणं २००८ लाच बंद केलंय त्यामुळे पार्ट मिळत नाहीत, कार्ब्युरेटर लांबून मागवावा लागला, वाढीव लागतील. कंपनीने इंजिनं बंद केली हे खरंच आहे, म्हणून तर मी फसलो!! खोटं असं खऱ्याला चिकटवून दिलं की पटकन सोलून निघत नाही. तसाच दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर वीस-पंचवीस डॉलरला घरपोच येतो हे मला नंतर कळलं.

शेवटचा हिशोब असा, कार्ब्युरेटर १२०, दोन बेल्ट ६०, फ्रिक्शन डिस्क (इंजिनची ताकद चाकांना देणारी रबरी कडेची चकती) ५५, गिअरबॉक्स ऑइल आणि शिअर बोल्ट ३०, मजुरी १००. सगळा मेसेजमध्ये, कागद नाही. कॅश दिली. आणि मशीन काय दिसत होतं राव, पूर्ण नवा नारिंगी रंग, ऑगर (बर्फ आत ओढणारा पुढचा फिरता स्क्रू) काळं कुळकुळीत, एका दमात चालू झालं. बायको म्हणाली आधी फोटो काढ.

पहिला मोठा बर्फ नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास पडला. ड्राइव्ह वे मस्त साफ झाला, पण तोंडाशी गावाच्या प्लाऊने, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीने, ढकललेला कडक ढिगारा असतो ना, त्यात कुणाचा तरी पेपर गोठून विटेसारखा झाला होता, तो ऑगरमध्ये गेला आणि खाडकन आवाज. इंजिन चालू, मागचा पंखा फिरतोय, पुढचं ऑगर ढिम्म.

मला वाटलं शिअर बोल्ट तुटला असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मुद्दाम मऊ बनवलेला दोन-तीन डॉलरचा बोल्ट असतो, काही कडक अडकलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो, घरातल्या फ्यूजसारखं. पण माझे बोल्ट शाबूत होते!! डोक्यावर ६ रेघा होत्या, म्हणजे ग्रेड ८, एकदम कडक लोखंड. ते तुटलेच नाहीत, त्यांच्याऐवजी आतल्या ब्राँझच्या गिअरचे दाते साफ झाले.

मग रागारागात पाना घेऊन बसलो. बेल्ट कव्हर काढलं तर जुनेच बेल्ट, चिरा पडलेले. खालचं झाकण काढलं तर फ्रिक्शन डिस्कचं रबर झिजून गुळगुळीत. कार्ब्युरेटर तोच, फक्त बाहेरून पुसलेला, आत काहीतरी स्प्रे मारून तात्पुरता चालता केलेला. ऑगरच्या ग्रीस निपलवर तर चक्क रंगाचा थर, म्हणजे तिथे ग्रीसगन लागलेलीच नाही. वरून कीर्तन आतून तमाशा. नवीन होता फक्त स्पार्क प्लग, जो त्याने बिलात लावलाच नव्हता, एवढा प्रामाणिकपणा.

फोन केला तर नंबर बंद. इथल्या टाउन कोर्टात ३००० डॉलरपर्यंतचा स्मॉल क्लेम, म्हणजे छोट्या रकमेचा दावा, स्वतःच करता येतो, वकील लागत नाही, पण करणार कुणावर, ना पूर्ण नाव ना पत्ता. रिपेअरच्या दुकानवाल्याने गिअरबॉक्सचे मजुरीसकट ४२० सांगितले.

बाबांना नाशिकला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "जुने पार्ट परत घेतलेस का रे?" आमची चेतक रिपेअरला गेली की बाबा मेकॅनिकच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे, काढलेला प्लग, वायसर, क्लचप्लेट सगळं पिशवीत घालून घरी आणायचे आणि आई वैतागायची. मी ते बघत मोठा झालो. आणि इथे मात्र अमेरिकेत कोण असं करतं म्हणून गप्प बसलो. माझ्याकडे तर जुना एक बेल्टही मागायचं डोकं चाललं नाही. मागितला असता तर त्याच्याकडे द्यायला नव्हताच, तो मशीनवरच होता.

या ऑक्टोबरमध्ये तीच जाहिरात परत दिसली, नंबर वेगळा. नव्यासारखं करून देतो म्हणून खाली जो चकाचक नारिंगी मशीनचा फोटो आहे ना, त्याच्या हँडलवर माझ्या पोरीने चिकटवलेला डायनासोरचा स्टिकर आहे.