युडायस प्लस पाहून लेकीसाठी सहावीची शाळा निवडली, त्याचा अनुभव

आमच्या गावातली शाळा पाचवीपर्यंतच. पुढं लेकीला कुठं घालायचं म्हणून धारूर तालुक्यातल्या जवळच्या दोन जिल्हा परिषद शाळा मी आधी युडायस प्लसच्या साइटवर (शाळांची सरकारी माहिती असते ती) काढल्या. एक मोठ्या गावातली, दुसरी तांड्यावरची.

साइट कामाची आहे. अकरा आकडी कोड टाकला (आपल्या राज्याचे कोड २७ नं सुरू होतात) की वर्गवार पट, शिक्षक, खोल्या, मुलींचं स्वच्छतागृह, सगळं मोबाइलवर दिसतं. सहावी ते आठवीला ३५ पोरांमागं एक शिक्षक हवा, असं आरटीई (शिक्षण हक्क) कायदा सांगतो. दोन्ही शाळा त्यात बसत होत्या. परीक्षेचे गुण मात्र तिथं नसतात, ते शाळेत जाऊनच विचारावे लागतात.

म्हणून फेब्रुवारीत दोन्हीकडं जाऊन आलो. मोठ्या गावातल्या शाळेच्या फाटकावर शिष्यवृत्तीधारकांचा बॅनर होता, नऊ फोटो. तांड्यावर बॅनर नव्हता. आठवीच्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलं होतं: पट ३१, हजर १३. बाकीची लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली. राहिली ती कुणाची आजी घरी आहे म्हणून, कुणी हंगामी वसतिगृहात जेवतं म्हणून.

साइटवरचा पट असतो ३० सप्टेंबरचा. कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) हलतात दसरा-दिवाळीला. त्यामुळं ३१ आकडा खरा असला तरी वर्ग कसा चालतो ते त्यातून कळत नाही. परीक्षांचंही तेच. एनएमएमएस (आठवीतल्या गरीब घरच्या लेकरांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) डिसेंबरात, राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास, दोन्ही ऐन गळीत हंगामात. एनएमएमएसमध्ये पात्र झालं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्या घराला या पैशाची सगळ्यात जास्त गरज, त्या घरचं लेकरू त्या दिवशी फडात असतं. मला याचं फार वाईट वाटतं.

मग मी मोठ्या शाळेत विचारलं, नऊ पात्र झाले, पण परीक्षेला बसले किती? गेल्या वर्षी आठवीचा पट ६४, त्यातली २२ निवडून बसवलेली. तांड्यावरच्या गुरुजींनी कपाटातून जुना हजेरीपट काढून माझ्यापुढं ठेवला. गेल्या हंगामात आठवीची १५ लेकरं मागं राहिली होती. पंधराही बसली, चार पात्र झाली. “भाऊ, मी कुणाला गाळलं नाही,” एवढंच ते बोलले.

लेक जूनपासून तांड्यावर जाते. दिवाळीनंतर बाकावरची तिची मैत्रीण गेली, तेव्हा दोन दिवस नीट जेवली नाही.

तुम्ही शाळा बघणार असाल तर साइटवरचा पट लिहून घ्या आणि मार्चच्या आत वर्गात जाऊन फळ्याचा कोपरा बघा. एप्रिलात गेलात तर बरीच लेकरं परतलेली असतात.