बिरसा मुंडांचं चित्रपुस्तक, पोरांसाठी घ्याच
बेळगावात खडेबाजारातल्या एका दुकानातनं चौथीतल्या लेकीसाठी घेतलं आणि तिच्याआधी मीच वाचून काढलं. बाकी ठिकाणी नुसता धनुष्यबाण आणि शूरवीर एवढंच असतं, ह्यात भांडण कशावरनं पेटलं ते नीट दिलंय, म्हणजे झारखंडकडच्या मुंडा आदिवासींची खुंटकट्टी, ज्या कुळानं जंगल साफ केलं त्या सगळ्यांची मिळून जमीन, ती जमीनदार-सावकारांनी इंग्रजी कायद्याच्या जोरावर बळकावली, वर वेठबिगार. १८९५ ला बिरसांना अटक, दोन वर्षं जेल, सुटल्यावर परत लोकं गोळा करून १८९९ च्या शेवटी उलगुलान, म्हणजे इंग्रजांविरुद्ध मोठं बंड. ९ जून १९०० ला रांचीच्या जेलमध्येच वारले तेव्हा पंचविशीही पूर्ण नव्हती, ते पान वाचताना गळा दाटून आला बघा. लेकीनं विचारलं, आपल्या नंदगडला इंग्रजांनी फाशी दिलेल्या संगोळी रायण्णासारखंच का? हो म्हटलं, तो १८३१ ला, हे जवळजवळ सत्तर वर्षांनंतर.

१९०८ चा छोटानागपूरचा, म्हणजे मुंडांच्याच मुलखाचा, कुळकायदा मात्र दोन ओळीत उरकलाय, आदिवासींची जमीन बाहेरच्यांना विकायला बंधनं आली हे केवढं मोठं, एक पान तरी पाहिजे होतं. बाइंडिंग कच्चं, आठवड्यात दोन पानं सुटली. तरी चार स्टार, भाच्यासाठी अजून एक घेतोय.